कोलकात्याच्या बोईमेल्याला पहिल्यांदाच जाताय? मग हे आधी वाचा

साहित्य महोत्सव म्हटलं की आपल्याकडे हल्ली पहिलं नाव जयपूरचं निघतं. चर्चा, गाजलेले लेखक, सहीसाठी रांगा. कोलकात्याचा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडचा 'बोईमेला', त्या जातीचा कार्यक्रमच नाही. इथे लोक पुस्तकं विकत घ्यायला येतात. आजी-आजोबा, कडेवर पोर घेतलेली आई, कॉलेजातली जोडपी, कचेरीतून परस्पर आलेले बाबू, सगळे पिशव्या घेऊन. १९७६ साली पब्लिशर्स अँड बुकसेलर्स गिल्ड या प्रकाशक-विक्रेत्यांच्या संघटनेनं हा मेळा सुरू केला आणि गेल्या काही वर्षांत गिल्डच्याच हिशेबानं पंचवीस लाखांहून जास्त माणसं तेरा-चौदा दिवसांत येऊन जातात. वाचक या प्राण्याबद्दल आपल्याकडे जे रडगाणं चालतं ते ऐकून कंटाळला असाल तर एकदा जाऊन याच.

मात्र तयारी न करता गेलात तर पहिला दिवस धूळ खाण्यात आणि दुसरा पाय चेपण्यात जाईल. मी हे सगळं ज्या क्रमानं करतो त्या क्रमानं सांगतो. तुम्हाला बंगाली येत नाही असं धरूनच लिहितोय.

१. आधी तारखा, मग तिकीट

मेळा दरवर्षी एकाच तारखांना भरत नाही. २०२४ ला तो १८ ते ३१ जानेवारी होता, २०२५ ला २८ जानेवारी ते ९ फेब्रुवारी आणि २०२६ ला २२ जानेवारी ते ३ फेब्रुवारी. म्हणजे 'जानेवारीअखेर असतोच' म्हणून अंदाजानं तिकीट काढू नका. गिल्ड तारखा काही महिने आधी जाहीर करते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तोवर तारखा हातात असतात. उघडलं की त्याच दिवशी काढा.

कोणते दिवस निवडायचे? २३ जानेवारी ही नेताजींची जयंती, २६ जानेवारी, सगळे शनिवार-रविवार आणि सरस्वती पूजा (आपली वसंत पंचमी), या दिवशी गर्दी अशी असते की स्टॉलच्या आत जायलाही रांग लागते. सरस्वती पूजेला पिवळ्या साड्या आणि पंजाबी (म्हणजे तिथला कुर्ता) घालून तरुण पोरं-पोरी लोटतात. ते बघण्यासारखं आहे, पण त्या दिवशी खरेदीची आशा ठेवू नका. मंगळवार ते गुरुवार हे सोन्याचे दिवस. शेवटचे दोन दिवसही टाळा. 'शेवटी स्वस्तात काढतात' हा समज चुकीचा आहे. सवलत पहिल्या दिवशी असते तेवढीच शेवटच्या दिवशी असते, आणि चांगल्या अंकांच्या प्रती मात्र संपलेल्या असतात.

किती दिवस? मेळ्याचे तीन दिवस आणि कॉलेज स्ट्रीट या पुस्तकांच्या दुकानांच्या रस्त्यावर दोन सकाळी, एवढा हिशेब पुरतो. मेळा साधारण दुपारी बाराला उघडतो आणि रात्री आठपर्यंत चालतो. सकाळी दहाला जाऊन फाटकाशी उभं राहण्यात अर्थ नाही. सकाळचा उपयोग कसा करायचा ते पुढे सहाव्या पायरीत आहे.

२. जायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून गीतांजली आणि हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद. तिन्ही गाड्या नागपूरवरून जातात, त्यामुळे विदर्भातल्या लोकांना हा प्रवास त्यातल्या त्यात सोपा. मुंबईहून तीस तासांच्या आसपास धरा. विमानानं गेलात तर वेळ वाचतो, पण परतताना सामानाच्या काट्यावर पुस्तकं चढवली की वाचलेले पैसे तिथेच जातात. आगगाडीत ही भानगड नाही.

जुन्या लेखांमध्ये मेळ्याचा पत्ता 'मैदान' किंवा 'मिलन मेला' असा सापडेल. दोन्ही कालबाह्य. २०१८ पासून मेळा सॉल्ट लेकमध्ये सेंट्रल पार्कच्या जागेवर भरतो आणि त्या जागेला आता 'बोईमेला प्रांगण' असं नावही आहे. मेट्रोचं स्टेशन करुणामयी. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची हिरवी मार्गिका हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह अशी सलग झाली आहे. हावड्याला उतरलात की हुगळीच्या पात्राखालून जाणाऱ्या याच मेट्रोनं एस्प्लनेड, सियालदह करत थेट करुणामयीला पोचता. गाडी बदलायची नाही, टॅक्सीवाल्याशी वाद घालायचा नाही. स्टेशनवर पहिल्याच दिवशी स्मार्ट कार्ड काढा, नाहीतर टोकनच्या रांगेत रोज वीस मिनिटं जातील. रात्री मेळा सुटला की करुणामयीला जत्रा होते. तेव्हा थोडं चालून सेंट्रल पार्क किंवा सेक्टर फाइव्ह स्टेशन गाठावं.

राहण्यासाठी सॉल्ट लेकच्या आसपास अतिथिगृहं आहेत, पण मी दक्षिणेकडे किंवा सियालदहजवळ राहणं पसंत करतो. हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवास आहे, तिथल्या जुन्या मराठी मंडळींची वास्तू. थंडीत लग्नसराई असते, म्हणून खोली मिळेल का ते आधी फोन करून विचारा. तिथून जतीन दास पार्कला निळ्या मार्गिकेची मेट्रो पकडायची आणि एस्प्लनेडला हिरवीत बदलायचं. सियालदहजवळ राहिलात तर कॉलेज स्ट्रीट चालत आणि मेळा मेट्रोनं, दोन्ही हाताशी.

३. बरोबर काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. लॉजवर झेरॉक्स मागतात, दोन प्रती जवळ ठेवा.
- रोख पैसे, आणि तेही सुट्टे. मोठ्या प्रकाशकांकडे कार्ड, यूपीआय सगळं चालतं. पण गर्दीच्या दिवशी मोबाइलचं नेटवर्क लटकतं आणि पैसे 'प्रोसेसिंग'मध्ये अडकतात. लिटल मॅगझिनच्या, म्हणजे संपादकानं पदरमोड करून काढलेल्या छोट्या नियतकालिकांच्या, टेबलावर रोकड हीच खरी. शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा न्या.
- दोन मजबूत कापडी पिशव्या. मेळ्यात फुकट मिळणाऱ्या पिशव्यांचे बंद तिसऱ्या पुस्तकाला तुटतात. चाकांची बॅग गर्दीत ओढू नका, लोक शिव्या देतील आणि त्यांचं बरोबरच असेल.
- चालायचे जुने बूट. नवे नकोत.
- धुळीसाठी मास्क, पाण्याची बाटली, संध्याकाळसाठी शाल किंवा पातळ स्वेटर.
- छोटी वही आणि पेन. स्टॉल क्रमांक फोनमध्ये लिहीन म्हणाल तर लिहिणार नाही.
- हव्या असलेल्या लेखकांची यादी, बंगाली उच्चारांप्रमाणे लिहिलेली. हे का, ते पुढच्या पायरीत.

प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

४. जाण्याआधीचे पंधरा दिवस: अक्षरं आणि आकडे

पुलंनी पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन बंगाली शिकून घेतलं. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. देवनागरी येणाऱ्या माणसाला बंगाली अक्षरं पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की ओळखू येतात, कारण वर्णमाला तीच आहे. पाट्या वाचता आल्या तरी अर्धा मेळा तुमचा. सरावासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांचं १८५५ मधलं 'वर्णपरिचय' अजून छापलं जातं आणि कवडीमोलानं मिळतं.

खरी गंमत आकड्यांची आहे. बरीच बंगाली पुस्तकं किंमत बंगाली आकड्यांत छापतात. बंगाली चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात हा इंग्रजी नऊसारखा. म्हणजे मागच्या पानावर तुम्हाला 'आठशे' दिसतील तेव्हा पुस्तक चारशेचं असतं. खिशात पैसे असूनही 'परवडत नाही' म्हणून चांगलं पुस्तक खाली ठेवणारे मराठी लोक मी पाहिलेत. शून्य आणि दोन आपल्यासारखेच आहेत. चार आणि सात एवढे दोनच पाठ करा.

दुसरी अडचण सालाची. आतल्या पानावर 'प्रथम प्रकाश' म्हणून १४१०, १३८५ असं काही छापलेलं असतं. तो बंगाब्द. आपल्याला शकात ७८ मिळवायची सवय आहेच, इथे ५९३ मिळवायचे, आणि पुस्तक जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचं असेल तर ५९४. जुनी आवृत्ती म्हणून कोणी जास्त दाम सांगत असेल तर हा हिशेब जागच्या जागी करता आला पाहिजे.

उच्चारांचं असं, की बंगालीत व आणि ब यांना एकच अक्षर आहे. 'विभूतिभूषण' विचाराल तर स्टॉलवरचा मुलगा तुमच्या तोंडाकडे बघेल. 'बिभूतिभूषण' म्हणा, लगेच हात वर जातो. यादी करताना सगळे व ब करून टाका.

आणि ही चार वाक्यं: 'एकटू देखते पारि?' (जरा बघू का?), 'दाम कोतो?', 'पुरोनो शोंख्या आछे?' (जुना अंक आहे का?), 'बिल देबेन'. पुरुषाला दादा, बाईला दिदी. पुढचं हिंदीत निभतं. पण सुरुवात बंगालीत केलीत तर समोरच्याची भाषाच बदलते, किमतीची नव्हे, वागण्याची.

५. मेळ्यात शिरल्यावर

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. जमणार नाही, मला माहीत आहे, पण प्रयत्न करा. फाटकातून आत आलात की गिल्डच्या माहिती कक्षातून नकाशा घ्या. स्टॉलना क्रमांक असतात, आणि त्यांची यादी नकाशाबरोबर असते. वहीत तीन गट करा: नक्की जायचं, वेळ मिळाला तर, आणि फक्त बघायचं.

मोठी बंगाली प्रकाशनं, आनंद, दे'ज, मित्र ओ घोष, यांच्याकडे संध्याकाळी आत सोडायला दोरी लावतात. तिथे दुपारी बारा ते दोन या वेळेत जा. साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट, सीगल ही मंडळी त्या मानानं निवांत असतात, ती संध्याकाळसाठी ठेवा.

दर वर्षी एक देश पाहुणा असतो. २०२५ ला जर्मनी होता, २०२६ ला अर्जेंटिना. त्याचा मंडप देखणा असतो, विक्रीला फारसं नसतं. अर्धा तास द्या. बांगलादेशचा मंडप १९९६ पासून मेळ्याचं मोठं आकर्षण होता, पण २०२५ मध्ये तो नव्हता. ढाक्याची पुस्तकं हवीत म्हणून जात असाल तर त्या वर्षी तो आहे का हे आधी बातम्यांत बघून घ्या.

*लिटल मॅगझिनचा भाग.* इथे घाई करू नका. माझ्या मते मेळ्याला यायचं खरं कारण हेच आहे, आणि बाहेरगावचे बहुतेक लोक इथे पाचच मिनिटं घालवतात.

एका मांडवाखाली लांब टेबलांच्या ओळी. एकेका नियतकालिकाला जेमतेम हातभर जागा. त्यावर अंक उभे रचलेले, एक पत्र्याचा किंवा बिस्किटांचा डबा गल्ल्यासाठी, पावतीपुस्तक, आणि मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत खुद्द संपादक. तो शिक्षक असतो, बँकेतून निवृत्त झालेला असतो, नाहीतर बांकुडा-पुरुलियाकडून रात्रीच्या गाडीनं आलेला असतो. जुना अंक विचारला की तो टेबलाखाली वाकतो, दोन खोकी उपसतो, खालून एक प्रत काढतो, शर्टाच्या बाहीनं धूळ पुसतो आणि हातात देण्याआधी विचारतो, की हा विषय तुम्हाला कशाला हवाय? या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. नीट उत्तर दिलंत तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून तो तुमची ओळख करून देईल आणि तुमचा तास कुठे गेला कळणार नाही.

'लिटल' या शब्दावर जाऊ नका. विशेषांक तीनशे-चारशे पानांचे असतात: एखाद्या नदीवर, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या छायाचित्रकारावर, छापखान्यांवर, जत्रेतल्या खेळण्यांवर. आपल्याकडे दिवाळी अंक आहेत, पण अख्खा अंक एका विषयाला वाहून टाकण्याची ही सवय तिथे जास्त खोल आहे. आपल्या साठीच्या दशकातल्या अनियतकालिकांवर प्रेम असणाऱ्यांना तर इथे माहेरी आल्यासारखं वाटेल. 'असो' काढणाऱ्या अशोक शहाणेंनी बंगालीतून मराठीत इतकं आणलं, ते काही उगाच नव्हे.

इथले नियम थोडे वेगळे आहेत. घासाघीस करायची नाही. संपादक स्वतःच्या खिशातून अंक काढतो, दहा रुपये कमी करायला सांगणं शोभत नाही. टेबलाचा फोटो काढायचा तर विचारून. आणि अंक चाळून परत ठेवताना होता तसा ठेवायचा, कारण त्या रचनेत त्याची सकाळ गेलेली असते. मराठीतलं एखादं चांगलं नियतकालिक बरोबर न्या आणि बदल्यात द्या. ही देवाणघेवाण तिथे मनापासून आवडते. समोरच्याला मराठी वाचता येत नसलं तरी मांडणी, चित्रं, मुखपृष्ठ तो निरखून बघतो.

*बंगाली वाचता येत नसेल तर घ्यायचं काय?* पुष्कळ. सीगलची इंग्रजी पुस्तकं निर्मितीसाठी जगभर नावाजली जातात, आणि ती एवढ्या संख्येनं एकत्र दुसरीकडे क्वचित बघायला मिळतात. मुलांसाठी सुकुमार रायांची चित्रं, नारायण देबनाथांची 'बाटुल'ची चित्रमालिका, रवींद्रनाथांचं 'सहज पाठ', ज्यातली चित्रं नंदलाल बोसांची आहेत. ही भाषा न कळताही घरात असावीत अशी पुस्तकं. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांवर वाढलेली एखादी आत्या-मावशी घरात असेल तर तिच्यासाठी मूळ बंगाली आवृत्ती न्या, नुसतं मुखपृष्ठ बघून खूश होते.

आणि एक खास मराठी माणसानं विचारायचं पुस्तक: सखाराम गणेश देउस्करांचं 'देशेर कथा'. आताच्या झारखंडातल्या देवघर या गावाकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातला हा माणूस बंगाली पत्रकार झाला आणि १९०४ साली इंग्रजी राजवटीनं चालवलेल्या आर्थिक लुटीवर त्यानं हे पुस्तक लिहिलं. स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघरी गेलं, १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये हे नाव अजून आदरानं घेतात. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे, ते तुम्हीच बघा.

*खाणं.* मेळ्यात फिश फ्राय आणि बिर्याणीच्या रांगा पुस्तकांच्या रांगांइतक्याच लांब असतात. शाकाहारी असाल तर 'निरामिष' हा शब्द वापरा. 'व्हेज' म्हटल्यावर मासा गृहीत धरल्याचे किस्से तिथले लोकच सांगतात. झालमुडी, लुची-आलूर दम, आणि थंडी असल्यामुळे नोलेन गुडाचा संदेश, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा. तो मात्र मेळ्यात न घेता शहरातल्या मिठाईवाल्याकडे खा.

मैदानात सिगारेट ओढू नका. १९९७ साली मेळ्याला लागलेल्या आगीत लाखभर पुस्तकं जळाली होती. तीन दिवसांत मेळा पुन्हा उभा राहिला हे कौतुक तिथले लोक आजही सांगतात, पण आगीची धास्ती गेलेली नाही.

६. सकाळी कॉलेज स्ट्रीट

मेळ्यातली मुख्य मेख ही: मेळ्यात सवलत साधारण दहा टक्के असते आणि तेच नवं पुस्तक कॉलेज स्ट्रीटवर वीस टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त सवलतीनं मिळतं. म्हणून कोणत्याही दुकानात मिळू शकणारी बंगाली पुस्तकं मेळ्यात फक्त बघायची, नाव वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज स्ट्रीटला घ्यायची. मेळ्यात पैसे खर्च करायचे ते लिटल मॅगझिनवर, छोट्या प्रकाशकांवर, आणि जे पुन्हा दिसणार नाही अशा गोष्टींवर.

दुकानं अकराच्या सुमारास उघडतात. रविवारी बहुतेक बंद, हे लक्षात ठेवूनच मुक्कामाचे दिवस ठरवा. प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या कुंपणाला लागून जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या आहेत. तिथे मात्र घासाघीस चालते, अपेक्षितच असते. परीक्षांची गाइडं आणि इंग्रजी बेस्टसेलरांच्या चोरट्या प्रती भरपूर आहेत. कागद पिवळसर-करडा, मुखपृष्ठ किंचित धूसर आणि किंमत भलतीच कमी असेल तर हात लावू नका. नवी इंग्रजी-बंगाली पुस्तकं १८८६ पासून चालत आलेल्या दासगुप्तांच्या दुकानात. मेळ्यात राहून गेलेली नियतकालिकं महात्मा गांधी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पातिराममध्ये.

त्याच भागात टेमर लेनच्या बोळात संदीप दत्तांनी १९७८ साली सुरू केलेलं लिटल मॅगझिनचं ग्रंथालय आहे. नॅशनल लायब्ररीत लिटल मॅगझिनं रद्दीसारखी टाकून दिलेली बघून या माणसानं आपल्या राहत्या घरातच संग्रह सुरू केला. २०२३ मध्ये ते गेले. भेट द्यायची तर वेळ आधी विचारून घ्या.

पाय दुखले की कॉफी हाउस. वरच्या बाल्कनीत जागा मिळाली तर बघा. कॉफी बेताचीच आहे, तिथे कोणी कॉफीसाठी जात नाही. त्यापेक्षा चांगलं पेय हवं असेल तर कॉलेज स्क्वेअरजवळच्या पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं 'डाब शरबत' प्या, दुकान १९१८ चं आहे. तिथून सियालदहपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि मेट्रोनं दुपारी दोनच्या आत मेळ्यात.

७. चर्चा-परिसंवाद हवेच असतील तर

मेळ्याच्या आवारातच काही दिवस साहित्य महोत्सव भरतो. शिवाय त्याच सुमारास शहरात पार्क स्ट्रीटच्या ऑक्सफर्ड बुकस्टोअरशी जोडलेला एपीजे कोलकाता लिटररी फेस्टिव्हल वगैरे कार्यक्रमही असतात. तारखा जुळल्या तर एखादी संध्याकाळ द्या. तेवढ्यासाठी म्हणून एवढ्या लांब जाऊ नये, असं माझं मत.

८. तुम्ही स्वतः प्रकाशक किंवा लेखक असाल तर

पहिल्या वर्षी स्टॉलच्या फंदात पडू नका. स्टॉलसाठी गिल्डकडे महिनोन्महिने आधी अर्ज करावा लागतो, भाडं, माणसं, पुस्तकांची ने-आण हे सगळं जमेला धरलं तर मराठी पुस्तकांच्या विक्रीतून ते निघणं कठीण. शिवाय हा मेळा वाचकांचा आहे, हक्कांच्या खरेदी-विक्रीचा बाजार नव्हे. पुस्तकाचे अनुवादहक्क द्यायचे किंवा घ्यायचे असतील तर माणसं भेटतात ती लिटल मॅगझिनच्या टेबलांवर आणि छोट्या प्रकाशकांच्या स्टॉलवर, तीही आठवड्याच्या मधल्या दुपारी. बरोबर न्यायचं ते असं: पुस्तकाच्या तीन-चार प्रती, इंग्रजीत एक पानभर गोषवारा, एका प्रकरणाचा इंग्रजी किंवा हिंदी नमुना अनुवाद, आणि स्वतःचा पत्ता असलेलं कार्ड.

चहावर ठरलेलं काहीही ठरलेलं मानू नका. बंगाली माणूस उत्साहात 'हो जाएगा दादा' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं, पण घरी गेल्यावर त्याच्यापुढे शंभर कामं असतात. परतल्यावर आठवड्याभरात ईमेल पाठवा, आणि अनुवाद कोणत्या भाषेत, किती वर्षांसाठी, किती प्रतींसाठी, मानधन किती, हे लेखी झाल्याशिवाय मजकूर देऊ नका.

९. पुस्तकं घरी कशी पाठवायची

खोलीवर येऊन ढीग बघाल तेव्हा ही पायरी आठवेल. जुन्या सल्ल्यांमध्ये 'रजिस्टर्ड बुक पोस्टानं टाका' असं असतं. ती सेवा बंद झाली आहे. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत, वर कर. जमिनीवरच्या मार्गानं जातं, म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. दर जाण्याआधी एकदा ताडून बघा.

पेच इथे आहे: ज्ञान पोस्टानं फक्त पुस्तकं जातात. ठरावीक काळानं निघणारी नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं चालत नाहीत. म्हणजे लिटल मॅगझिनं त्यात घालू नका, खिडकीवर अडवतील. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असणंही गरजेचं आहे. म्हणून खोलीवरच दोन ढीग करा. पुस्तकांची पाच किलोच्या आतली पुडकी करून ज्ञान पोस्टानं, अंक आपल्या सामानात. अंक गहाळ झाले तर पुन्हा मिळत नाहीत, तेव्हा ते जवळ असलेलेच बरे.

बांधणी: आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग तपकिरी कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, वरून सुतळी. पुडक्यावर 'ज्ञान पोस्ट' असं ठळक लिहा, पिनकोड सुटा-सुटा. आतही पत्त्याची एक चिठ्ठी ठेवा. कोलकात्याचं जीपीओ मेट्रोच्या महाकरण स्टेशनाजवळ आहे, पांढऱ्या घुमटाची इमारत चुकणार नाही. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा. पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण त्यावरची शाई महिन्याभरात उडते.

पुडकी घरी आली की लगेच फोडा, आणि ज्या संपादकांनी वहीत तुमचं नाव लिहून घेतलं असेल त्यांना अंक वाचायला घेतल्याचं दोन ओळींत कळवा. पुढचा अंक निघाला की त्यांचाच निरोप येतो, आणि वर्गणी भरली की बरेच जण अंक टपालानं पाठवतात.